रुग्णाची ओळख, रुग्णाचे रक्षण

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे नाव पहिल्याच दिवशी मागे पडते. तो 'बारा नंबरची खाट' होतो, 'कालचे अपेंडिक्स' होतो, नाहीतर ती 'सिन्नरची बाई' होते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. कामाच्या रगाड्यात सोय म्हणून असे बोलले जाते. परंतु खाट बदलली, परिचारिकांची पाळी बदलली, किंवा एकाच वॉर्डात दोन सुनीता आणि दोन रमेश आले, की या सोयीचेच संकटात रूपांतर होते. एकाचे इंजेक्शन दुसऱ्याला, एकाचे रक्त तिसऱ्याला, एकीचे बाळ दुसरीकडे, अशा चुकांचे मूळ बहुधा एकच असते. समोरचा माणूस नेमका कोण आहे, हे कोणी विचारलेले नसते.

ही चूक टाळण्यासाठी आज जगभर रुग्णाच्या मनगटावरील पट्टी, बारकोड, क्यूआर कोड आणि रेडिओलहरींवर चालणाऱ्या चिप्स वापरल्या जात आहेत. ही साधने कशी काम करतात, त्यांनी रुग्णाचे रक्षण कसे होते आणि ती वापरताना आपण कोणते भान ठेवले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी समजू नये. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांना आजारपणात जिल्हा रुग्णालयाचा किंवा महापालिकेच्या दवाखान्याचाच आधार असतो. तेथील व्यवस्था सुधारली तर ती आपल्याच आईबहिणींसाठी सुधारते.

धम्मातील रुग्णसेवा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून खाटेवर निजविले. ज्याला आपली सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश त्यांनी यानंतर भिक्खुसंघाला केला.

याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय हितकारक व काय अहितकारक हे ओळखता येणे, हे त्यांपैकी पहिले दोन होत. म्हणजे केवळ करुणा पुरेशी नाही. त्या करुणेला नेमकेपणाची जोड हवी. त्याचबरोबर रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आपला आजार आहे तसा शुश्रूषकाला सांगणे हा त्यांतील एक. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. रुग्णाची सुरक्षितता ही सेवा करणाऱ्याची आणि रुग्णाची अशी दोघांची मिळून जबाबदारी आहे, हा विचार तेथे आधीच आलेला आहे.

दुसरा दाखला तर आपल्या नाशिकचाच आहे. त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील एक शिलालेख आहे. तो इ. स. च्या तिसऱ्या शतकातील मानला जातो. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातील उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली, अशी त्यात नोंद आहे. या श्रेणींत जलयंत्रे करणारे आणि तेली यांचाही समावेश होता. ठेव कोणी ठेवली, कोणाकडे ठेवली आणि तिचा विनियोग कशासाठी करावयाचा, हे सारे दगडावर कोरून ठेवले. सद्‌भावना होतीच, पण ती नोंदीने बांधून ठेवली. या ठेवीचा माग सतराशे वर्षांनंतरही लागतो. आजच्या भाषेत यालाच 'माग ठेवणे' म्हणतात.

चुका किती आणि कशा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाला उपचारातील दोषामुळेच काही ना काही इजा होते, आणि असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी तीस लाखांहून अधिक मृत्यू होतात. यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोगी असते. म्हणूनच २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. २०२५ साली या दिनाचा विषय नवजात बाळे व मुले यांची सुरक्षितता हा होता.

या चुका अडाण्यांच्या हातून होतात असे नाही. थकलेला, घाईत असलेला, हुशार माणूसही चुकतो. बँकेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नवे नाही. पूर्वी चेक दिल्यावर ग्राहकाच्या हातात पितळी टोकन देत आणि रोखपाल तो आकडा पुकारून टोकन परत घेतल्याशिवाय पैसे मोजत नसे. एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती तपासावयाची, हा तर बँकेचा पायाच. ग्राहक ओळखीचा आहे म्हणून कोणी टोकन माफ करीत नसे. हजार रुपयांसाठी एवढी काळजी घेतली जाते. मग रक्ताच्या पिशवीसाठी ती का घेतली जाऊ नये?

साधने कशी काम करतात?

पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मनगटावरील साधी पट्टी. तिच्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, वय किंवा जन्मतारीख आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक असतो. उपचारापूर्वी निदान दोन खुणा जुळविल्या पाहिजेत, हा रुग्णसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. खाटेचा क्रमांक ही ओळख धरावयाची नसते, कारण खाट बदलते.

दुसरे साधन बारकोड किंवा क्यूआर कोड. दुकानात साबणाच्या वेष्टनावर असतो तसाच हा कोड पट्टीवर छापतात. परिचारिका आधी रुग्णाच्या पट्टीवरील आणि मग औषधाच्या वेष्टनावरील कोड वाचकयंत्राने वाचते. डॉक्टरांच्या आदेशाशी औषध, मात्रा किंवा वेळ जुळली नाही तर पडद्यावर इशारा येतो.

तिसरे साधन रेडिओलहरींवर चालणारी चिप. हिला आरएफआयडी म्हणतात. या पट्टीत बारीक चिप आणि अँटेना असते. पुष्कळ पट्ट्यांत बॅटरी नसते. वाचकयंत्र रेडिओलहरी सोडते, त्या लहरींच्याच शक्तीवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळविते. घोटीच्या किंवा शिंदे येथील टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो तो याच तत्त्वावर. बॅटरी असलेली चिप दुरूनही वाचता येते. म्हणून ती बाळाच्या पायाला बांधली आणि वॉर्डाच्या दारावर वाचकयंत्र बसविले, तर परवानगीशिवाय बाळ दाराबाहेर जाताच भोंगा वाजतो.

बाळ कोणाचे?

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नोंदीत मुलगा आणि हाती मुलगी, असा वाद एका कुटुंबाने उपस्थित केला होता. अशा वादात नोंद चुकली की बाळ बदलले, याचा उलगडा होईपर्यंत आईच्या मनाची काय अवस्था होत असेल? आणि ज्या तान्ह्या जीवाविषयी शंका घेतली जाते, त्याचा काय दोष? जन्मताच, प्रसूतिगृहातच, आई आणि बाळ या दोघांना एकाच क्रमांकाची पट्टी आईसमक्ष बांधली आणि मुलगा की मुलगी हे तिला दाखवून नोंदविले, तर अशा शंकेला जागाच राहत नाही.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये याच रुग्णालयातून काही दिवसांचे एक बाळ एका स्त्रीने पळविले. आईच्या कुटुंबाशी ओळख वाढवून तिने विश्वास संपादन केला होता. पोलिसांनी कॅमेऱ्यांतील चित्रांच्या आधारे शोध घेतला आणि काही तासांतच बाळ आईच्या कुशीत परत आले. पोलिसांचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु एक फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. कॅमेरा घडून गेलेले दाखवितो, दारावरील भोंगा घडत असतानाच अडवितो. दोन्हींची गरज आहे.

एप्रिल २०२५ मध्ये बालकांच्या तस्करीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर पहिले पाऊल म्हणून त्या रुग्णालयाचा परवाना स्थगित करावा. बाळाचे रक्षण ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, हे यातून स्पष्ट होते.

औषधाचा माग

औषधासाठी बारकोड वापरण्याची कल्पना एका परिचारिकेला सुचली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी भाड्याची मोटार परत देताना तेथील नोकर हातातल्या यंत्राने मोटारीचा कोड वाचत असल्याचे पाहिले. मोटारीची एवढी नोंद ठेवता येते, तर रुग्णाच्या औषधाची का नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे माजी सैनिकांच्या देशभरातील रुग्णालयांत ही पद्धत सुरू झाली. बॉस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वेळेच्या चुका सोडून औषध देण्यातील इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. चुका शून्य झाल्या नाहीत, पण बऱ्याच कमी झाल्या.

औषध योग्य रुग्णाला मिळाले तरी ते औषधच विषारी असेल तर? १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. औषध कोणाकडून आले, कोणाच्या परवान्याने आले आणि कोणाच्या सहीने स्वीकारले गेले, याचा छडा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाला लावावा लागला. पुढे २०२५ साली तेच विष 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात सापडले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरला उपचार चालू होते. त्या वेळी एसआर-१३ हा बॅच क्रमांक जाहीर झाला आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचचे औषध वापरू नये, असा इशारा दिला.

बॅच क्रमांकाचे महत्त्व येथे कळते. बाटलीवरील तो बारीक आकडा म्हणजे त्या औषधाचे जन्मगाव होय. तो नसेल तर दोषी बाटली आणि निर्दोष बाटली यांत फरक करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात सर्वाधिक खपणाऱ्या ३०० औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख आणि मुदत ही माहिती असते. साध्या मोबाईलवर ती वाचता येते. आपल्या तरुणांनी घरातील औषधांवर हा प्रयोग करून पाहावा.

यंत्राची मर्यादा

यंत्र आले म्हणजे काळजी मिटली, असे मात्र नाही. अमेरिकेतील रुग्णालयांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारकोडची तपासणी चुकविण्याच्या पंधरा प्रकारच्या पळवाटा आढळल्या. रुग्णाच्या पट्टीची जादा प्रत टेबलाला चिकटवून तीच वाचणे, ही त्यांतील एक. पट्टी फाटते, यंत्राची बॅटरी संपते, परिचारिका कमी आणि रुग्ण फार असतात. मग माणसे पळवाट शोधतात. म्हणून यंत्राबरोबर पुरेशी माणसेही हवीत. माणसे कमी करण्यासाठी यंत्र आणले तर ते रुग्णाच्या रक्षणाला उपयोगी पडणार नाही.

शिवाय केवळ रुग्णाचा माग ठेवून भागत नाही, साधनसामग्रीचाही ठेवावा लागतो. २१ एप्रिल २०२१ हा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळांतील दाब उतरला आणि २२ रुग्णांनी प्राण सोडले. त्या रुग्णांची नावे ठाऊक होती, खाटाही ठाऊक होत्या. पण श्वास ज्या नळातून येत होता त्याची सुरक्षा अपुरी पडली. प्राणवायूचा दाब सतत मोजणारे व उतरताच इशारा देणारे यंत्र, तपासणीच्या तारखांची नोंद, राखीव सिलिंडर कोठे आहेत याची जागच्या जागी माहिती, ही सारी रुग्णसुरक्षेचीच साधने आहेत.

खूण कशासाठी?

आता या विषयातील आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मनगटावरील खूण हा आपल्या समाजाच्या दृष्टीने साधा विषय नाही. पेशवाईत अस्पृश्यांना मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, चुकूनही कोणाला त्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणग्रंथात याचा उल्लेख केला आहे. तो दोरा माणसाला दूर ठेवण्यासाठी होता. रुग्णालयाची पट्टी ही योग्य औषध आणि योग्य हात रुग्णाजवळ आणण्यासाठी आहे. दोन्ही खुणा मनगटावरच्याच, परंतु हेतू अगदी उलट.

हेतू उलट आहे तो उलटच राहावा, यासाठी जागरूक राहिले पाहिजे. पट्टीवर नाव, क्रमांक, रक्तगट आणि एखाद्या औषधाची ॲलर्जी असावी. जात, धर्म, गरिबीचा शिक्का यांचे तेथे काही काम नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या खाटेवर किंवा कागदांवर सर्वांना दिसेल अशी खूण करणे हे नव्या रूपातील काळा दोरा बांधण्यासारखेच आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. त्यानुसार ही माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे आणि भेदभावास मनाई आहे. त्याचप्रमाणे २०२१ पासून 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक देण्यात येत आहे. त्याने जुने रिपोर्ट एकत्र सापडतात, हा लाभ खरा. पण आपली माहिती कोणाला दाखवावयाची याची संमती आपली असते. न वाचता होकार देऊ नये.

आपण काय करावे?

१. दाखल होताना पट्टीवरील नाव, वय व क्रमांक वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, असे सांगावे.

२. "तुम्ही सुनीताबाई ना?" असे विचारले तर नुसती मान हलवू नये. स्वतःचे पूर्ण नाव आणि वय आपल्या तोंडाने सांगावे.

३. इंजेक्शन, रक्त किंवा शस्त्रक्रियेपूर्वी "हे कोणासाठी आणि कशासाठी?" असे शांतपणे विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

४. बाळ कोणी नेऊ लागले तर ओळखपत्र पाहावे आणि घरचे एक माणूस बरोबर जावे. पांढरा कोट म्हणजे ओळखपत्र नव्हे.

५. चालू असलेल्या औषधांची यादी आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून जवळ ठेवावी. औषधाचे वेष्टन व बिल उपचार संपेपर्यंत फेकू नये.

६. चूक दिसली तर आरडाओरडा न करता, परिचारिकेवर धावून न जाता, लेखी तक्रार करून पोच घ्यावी. एका परिचारिकेला शिक्षा झाल्याने व्यवस्था सुधारत नाही, नोंद झालेल्या तक्रारीने सुधारू शकते.

आमच्यासारख्या संस्थांनाही यात पुष्कळ करता येईल. रुग्णालयात सोबतीला कोणी नसलेल्या रुग्णांसाठी स्वयंसेवकांची फळी उभी करता येईल. विहारातील रविवारच्या वर्गात गरोदर भगिनींना वरील गोष्टी समजावून सांगता येतील. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशिकमध्येच आहे आणि समाजातील अनेक मुलेमुली परिचर्या, औषधनिर्माण व संगणक हे विषय शिकत आहेत. त्यांनी एकत्र येऊन एखाद्या लहान रुग्णालयासाठी स्वस्त पट्टी व कोडची पद्धत बसवून दाखविली, तर तीही धम्मसेवाच ठरेल.

विष्णुदत्तेने औषधाची तरतूद केली आणि ती दगडावर नोंदविली. आपण निदान एवढे तरी पाहू की, ते औषध ज्याचे त्यालाच मिळेल आणि घेणारा नावाने ओळखला जाईल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. खाटेचा क्रमांक ही रुग्णाची ओळख का धरू नये?
२. कॅमेरा आणि बाळाच्या पायाची चिप यांच्या कामात कोणता फरक आहे?
३. १९८६ आणि २०२५ या दोन घटनांत समान काय आहे? बॅच क्रमांकाचा उपयोग कसा झाला?
४. काळा दोरा आणि रुग्णालयाची पट्टी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. आपल्या घरातील एका औषधावरील कोड वाचून मिळालेली माहिती वहीत उतरवा.